शरदातली सकाळ चुकवू नकोस

बेळगाव,
सर्वपित्री अमावास्या

बाळ, अनेक आशीर्वाद.

शरद बघायला चोर्ल्याला जाऊ की आंबोलीला, असं तू विचारलं आहेस. यंदा कुठंच जाऊ नकोस. घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत एक जागा धर आणि दिवाळीपर्यंत तीच बघ. शेताचा बांध, तळ्याचा काठ, कॉलनीतला रिकामा प्लॉट, काहीही चालेल. पूर्वेकडे उंच इमारत नको आणि थोडं गवत हवं, एवढंच. आपल्याकडं हा ऋतू घाईत असतो. सकाळी साडेसहाला जे दिसतं ते साडेआठला विरलेलं असतं, आणि घटस्थापनेला जे शिवार हिरवं असतं ते दिवाळीला पिवळं पडलेलं असतं. गाडी काढून लांब जाणारा दहा वाजता पोचतो. तोवर ऊन चढलेलं असतं आणि बघण्यासारखं निम्मं संपलेलं असतं.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. मोबाइलवर दिसणारी लाल-केशरी झाडं आपल्याकडच्या शरदात नसतात. आपली पानगळ शिशिरात, संक्रांतीनंतर. आश्विनात इथली झाडं पावसानं धुतलेली, गच्च हिरवी असतात. रंग बदलतो तो जमिनीलगत: भातात, गवतात, कुर्डूच्या गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांत, माळावरच्या पिवळ्या सोनकीत. म्हणून मान वर करून नाही, खाली वाकून बघायचं.

सकाळपासून सुरुवात कर. ऑक्टोबरच्या मध्याला बेळगावात सूर्य 6.20 च्या सुमारास उगवतो. त्याआधी दहा मिनिटं जागेवर हजर राहा. रात्री आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असेल तरच दव भरपूर पडतं. ढग असले की जमिनीची ऊब वर निसटत नाही, वारा असला की गार हवा एका जागी ठरत नाही. त्यामुळं आदल्या रात्री झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन बघ. चांदण्या स्वच्छ दिसत असतील आणि पान हलत नसेल तर गजर लाव. दव गवतावर असतं आणि शेजारच्या दगडी कट्ट्यावर नसतं, याचंही कारण तेच: गवताचं पातं पातळ, ते चटकन गार होतं, दगडात दिवसभराची ऊब साठलेली असते.

सूर्य वर आला की आधी त्याच्याकडं तोंड करून गवत बघ. कोळ्यांची जाळी तेव्हाच दिसतात, कारण प्रकाश थेंबांमागून येतो. पाठ फिरवलीस तर तीच जाळी नाहीशी होतात. दोन प्रकार ओळखता येतील. झुडपांमध्ये उभी, चाकासारखी. आणि गवतावर आडवी, रुमाल वाळत घातल्यासारखी, एका कोपऱ्यात नरसाळ्यासारखं भोक असलेली. त्या भोकाशी कोळी बसलेला असतो. काडी लावू नकोस, नुसतं वाकून बघ.

मग पाठ सूर्याकडं कर. तुझी सावली गवतावर लांब पडलेली असेल. डोक्याच्या सावलीभोवती गवत उजळ दिसेल, जणू एक पांढरट वलय. दवाचा प्रत्येक थेंब भिंगासारखा प्रकाश गोळा करतो आणि आला त्याच दिशेला परत पाठवतो. तो तुझ्या डोळ्यांकडं येतो म्हणून तुला तुझ्याच डोक्याभोवती वलय दिसतं. शेजारी उभ्या असलेल्याला त्याच्या डोक्याभोवती. ऊन चढलं, सावली आखूड झाली, थेंब सुकले, की हे गेलं. जेमतेम अर्धा तास मिळतो.

पायात बूट घाल आणि हातात काठी ठेव. ओल्या गवतात, बांधाच्या बिळाशी घोणस असू शकते. काठी आपटत चाललं की जमिनीचा हादरा लागून साप बहुधा बाजूला होतो. चपला घालून जाणं हा खरा वेडेपणा.

आता भाताबद्दल. हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथं लहानाचं मोठं होऊनही भाताला फूल येताना पाहिलेलं नाही अशीच माणसं जास्त. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात किंवा खानापूरच्या रस्त्याला कुठंही बांधावर उभं राहा. भात आधी पोटरीत येतो, म्हणजे ओंबी पानाच्या नळीत असते आणि ताटाचं पोट फुगलेलं दिसतं. मग निसवतो, ओंबी बाहेर पडते. त्यानंतरच्या काही दिवसांत सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान जा आणि एकाच ओंबीवर नजर ठेव. हिरव्या कोंड्याची दोन टरफलं चोचीसारखी उघडतात आणि आतून फिकट पिवळे केसर धाग्यावर लोंबू लागतात. तासाभरात टरफलं मिटतात, केसर मात्र बाहेरच लटकत राहतात आणि वाळतात. दुपारी गेलास किंवा गेलीस तर फक्त वाळलेले केसर दिसतील, उघडलेलं फूल नाही. वासाचा भात असेल तर वारा पडल्यावर वाससुद्धा येतो. यावेळी शिवारात उतरू नकोस, ताटं हलवू नकोस. शेतकरी ओळखीचा असला तरी बांधावरूनच बघ.

आठ-दहा दिवसांनी परत जा. एक दाणा नखात दाबला तर पांढरं दूध येईल. त्यापुढच्या आठवड्यात तोच दाणा चिकासारखा घट्ट, मग दाताखाली कट्कन फुटणारा. फूल येऊन गेल्यावर साधारण महिन्याभरात भात कापणीला येतो. शिवाराचा हिरवा रंग हळदी होतो तो याच दिवसांत, तोही एकदम नाही. ओंब्यांची टोकं आधी पिवळी पडतात, पानं मागून. बांधावर बसून डोळ्यांच्या पातळीत बघितलं तर वर सोनेरी आणि खाली हिरवा असे दोन थर स्पष्ट दिसतात.

पाऊस या दिवसांतही येतो, पण पूर्वेकडून. श्रावणातला पश्चिमेचा, दिवसभर बरसणारा तो वेगळा. आता सकाळ लख्ख, दुपारी ओल्या जमिनीवर ऊन तापून घामट उकाडा, तीनच्या सुमाराला ढगांचे मनोरे आणि संध्याकाळी गडगडाट. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोज, तिनानं भाग, तितके किलोमीटर वीज लांब आहे. तिसाच्या खाली मोजणी आली की बांधावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, थेट घरात यायचं. हाच पाऊस पिकलेला भात लोळवतो. पडलेल्या ओंब्या ओल्या मातीत राहिल्या की दाण्याला कोंब फुटतात. आपल्याला गच्चीवरून जे सुंदर दिसतं त्यानं शिवारातल्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो. ते ठाऊक असू दे.

पाऊस थांबल्यावर मात्र लगेच बाहेर ये. धूळ धुतली गेलेली असते, म्हणून पश्चिमेच्या डोंगररांगा एकामागं एक मोजता येतात. मावळतीला, सव्वासहाच्या आसपास, मैदानावर चतुरांचे थवे फिरताना दिसतील. त्यांतली पिवळसर अंगाची एक जात याच महिन्यांत भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडं जाते. बोटाएवढा कीटक समुद्र ओलांडतो, आणि तुझ्या गल्लीवरून जातो. तू पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानाकडं कधी गेलास-गेलीस तर ज्वारीवर भोरड्या पक्ष्यांचे थवे बघ. तिकडं भात नाही, शरद वेगळाच दिसतो. पण तो विषय मोठा आहे.

दसऱ्याला सोनं लुटशील तेव्हा पान नीट ओळखून घे. बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाच्या फांद्या सर्रास विकल्या जातात, कारण दोन्हींचं पान मधे दुभंगलेलं. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं, पातळ, मऊ. आणखी सोपी खूण: देवकांचनाला याच दिवसांत गुलाबी फुलं येतात, आपटा उन्हाळ्यात फुलतो. झाडावर गुलाबी फूल असेल तर ते सोनं नव्हे. फांदी तोडू नकोस, घरटी पाच-सहा पानं पुरतात. शेजारचे कानडी लोक शमीचं पान, म्हणजे बन्नी देतात आणि "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" म्हणतात. आपल्या "सोन्यासारखं राहा"चाच तो भाऊ. दोन्ही पानं एका तळहातावर घेऊन बघ; आपल्या सीमेवरचा दसरा असा दोन पानांचा आहे.

तोरणाला झेंडू घेताना फूल उलटं करून देठाची हिरवी वाटी चाचप. ओली, काळपट असेल तर रात्रीत कुजतं. किलोत शंभराच्या आसपास फुलं येतात, दोन दारांना पुरतात. सुई पाकळ्यांतून नको, हिरव्या वाटीतून घाल, म्हणजे फूल वाळलं तरी गळत नाही.

अंगणात प्राजक्त असेल तर रात्री झोपताना खाली जुनं सुती धोतर अंथर. प्लास्टिकवर पाणी साचतं आणि फुलं तपकिरी होतात. सात वाजेपर्यंत वेचून घे, नंतर ती मलूल होतात.

कोजागरीला एकच मागणं: गच्चीवरचे दिवे बंद कर, सगळ्यांचे. एक लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात घे. आधी पातेलं पाण्यानं विसळ म्हणजे दूध तळाला कमी धरतं. मंद आचेवर पाऊण होईपर्यंत आटव. साठ-सत्तर ग्रॅम साखर शेवटी घाल, आधी घातली तर लवकर लागतं. आठ-दहा काड्या केशर दोन चमचे कोमट दुधात आधीच भिजवून ठेव, दहा-बारा बदाम जाडसर कुटून, चार वेलदोडे. मग पातेलं गच्चीवर ठेव आणि चंद्र दुधात बघ. इथंच बहुतेकांचं चुकतं. दुधावर साय धरली की चंद्र दिसत नाही, म्हणून पळीनं साय बाजूला कर आणि दूध ठरू दे. तू चंद्राकडं तोंड करून उभं राहायचं, पातेलं तुझ्या आणि चंद्राच्या मधे. मध्यरात्री चंद्र जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा वाकलं तर आपल्याच डोक्याची सावली दुधात पडते. दहाच्या सुमाराला सगळ्यांत चांगलं दिसतं. त्याच पौर्णिमेला कानडी शेतकऱ्यांची शीगी हुण्णिवी असते. शिवारात पूजा करून अन्नाचा चरगा उडवतात, म्हणजे नैवेद्य शिवारभर शिंपडतात. कुणी बोलावलं तर अवश्य जा.

त्यानंतर किल्ल्याच्या तयारीला लाग. उद्या घट बसतील, तेव्हापासूनच घटातलं धान्य रोज बघत जा, कारण किल्ल्यावरचं गवत त्याच नियमांनी उगवतं. देवघरात उजेड कमी म्हणून घटातले कोंब उंच आणि पिवळे होतात. पाणी जास्त झालं की बुरशी धरते. किल्ला म्हणूनच सकाळचं ऊन येईल तिथं कर.

चार फूट बाय तीन फूट पाया धर. पंचवीस-तीस विटा आणि दगडांचा सांगाडा रच, दोन-तीन किलतानं, म्हणजे गोणपाटं, लागतील, आणि दहा-बारा घमेली चाळलेली लाल माती. काळी माती घेऊ नकोस. ती वाळताना आकसते आणि दुसऱ्या दिवशी किल्ल्याला बोटभर भेगा पडतात. मातीचा पिठल्याइतका दाट काला करून किलतानं त्यात बुडव आणि सांगाड्यावर पांघर. हातानं चुण्या पाडल्या की कडे आणि दऱ्या आपोआप तयार होतात. त्यावर इंचभर मातीचा थर दे. दगड हलवताना खाली विंचू-इंगळी असू शकते, उलटून बघितल्याशिवाय हात घालू नकोस. दरवाजा समोरून दिसेल असा ठेवू नकोस. दोन बुरुजांच्या आड वळवून घे, आपल्या गडांचा दरवाजा शत्रूला लांबून दिसत नाही. शंका वाटली तर राजहंसगडावर जाऊन तटबंदी बघून ये.

पेरणी वसुबारसेच्या पाच-सहा दिवस आधी कर. उतारावर मोहरी घसरते, तिथं आळीव वापर. पन्नास ग्रॅम आळीव अर्धा तास भिजव. बुळबुळीत झाला की बोटांनी लेपासारखा लाव, तो उभ्या कड्यालाही धरून राहतो. मोहरी सपाटीवर. कोंब दिसेपर्यंत ओलं किलतान झाकून ठेव, मग काढ. पाणी तांब्यानं ओतलंस तर सगळं बी पायथ्याला येऊन बसेल. सकाळ-संध्याकाळ हातानं शिंपड. पायथ्याला पाणी निघून जायला चर ठेव.

पाडव्याला पहाटे उठून गल्लीतली शेणाची पांडवं बघ, आणि सजवलेल्या म्हशी कुठून निघतात ते आदल्या दिवशी विचारून ठेव. तोवर तुझ्या बांधाजवळचा भात कापायला आला असेल. कापणी झाल्यावर त्याच ओलीवर शेतकरी मसूर टाकतात. ती जागा तेव्हा सोडू नकोस, धसकटांमधून हिरवे कोंब वर आले की मला कळव.

अनेक आशीर्वाद.