विधानसभेने एकमताने केलेला कायदा कोर्ट कसं काय रद्द करू शकतं?

करू शकतं, कारण घटनेच्या कलम १३ मध्येच लिहिलंय की मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता बाद. पण कोर्ट सुरुवात उलटीकडून करतं, म्हणजे कायदा वैधच आहे असं धरून चालतं आणि तो चुकीचा आहे हे दाखवायची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर असते. आधी बघतात की हा विषय त्या विधिमंडळाच्या अधिकारात येतो का, मग हक्कांचा प्रश्न.

आपल्याकडचं डान्सबारचं प्रकरण घ्या. २००५ मध्ये बंदी आली पण थ्री स्टार आणि वरच्या हॉटेलांना सूट, मग कोर्टाने विचारलं की तोच डान्स साध्या बारमध्ये वाईट आणि मोठ्या हॉटेलात चालतो हे कसं? समानता (कलम १४) आणि व्यवसायस्वातंत्र्य (१९) दोन्ही मोडतात म्हणून २००६ ला हायकोर्टाने बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. नाचणाऱ्या बायकांच्या पोटापाण्याचा विचार निकालात झाला हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि हो, बहुमत कितीही असो, एकमत असलं तरी त्याने कायदा घटनात्मक ठरत नाही.