तलावातलं गवत काढून ग्रास कार्प, म्हणजे गवत खाणारा मासा, सोडू का? जुनी माणसं नको म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का?

नका सोडू. जुनी माणसं बरोबर सांगतायत.

आमचा गोंदिया जिल्ह्यातला मालगुजारी तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव, आम्ही ढिवर, मासेमारी करणारे, मोठेबाबांची हयात त्याच पाण्यात गेली. पावसाळ्यात मरळीची पिल्लं वर येतात, लालसर नारिंगी, एका जागी इतकी गोळा होतात की पाणी उकळल्यासारखं दिसतं, आणि खाली मरळ राखणीला असते. ते दिसलं की मोठेबाबा डोंगा (छोटी होडी) तिथूनच वळवायचे, जाळं टाकायचा प्रश्नच नाही. कमळ नि देवधान (पाण्यातला रानभात) हाय तोवर मासा हाय, हे त्यांचं पालुपद.

मग आमचा दादा मच्छीमार सोसायटीत गेला. ट्रेनिंगमध्ये कोणा साहेबानं सांगितलं गवत म्हणजे घाण, ग्रास कार्प टाका, यांनी टाकले. त्या माशानं पाण्याखालचं मऊ गवत आधी साफ केलं, बेशरम, ती काठावर माजणारी झुडपं, मात्र तशीच उभी, ती कोण खाणार! पाणी गढूळ, मरळ-शिंगी हे आमचे गावठी मासे दिसेनासे, आणि माशाचं बीज, म्हणजे पिल्लं, दरवर्षी विकत आणा, कारण कटला-रोहू-मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. मरळ, शिंगी तलावातच वाढतात पण त्यांना आडोसा पाहिजे नं, तोच यांनी घालवला. दादा अजून म्हणतो त्या साली पाऊस कमी होता. शेजारच्या गावात काय वेगळा पाऊस पडला होता का? तिथं गवत ठेवलं होतं, मरळ आजही मिळते.

अर्जुनी मोरगावकडं ढिवर बायांनीच बेशरम खणून काढली, तलावात पाणवनस्पती लावल्या. तुम्हीपण बेशरम आणि जलपर्णी मुळासकट काढा, हायड्रिला (पाण्याखालचं मऊ गवत), कमळ, देवधान कडेकडेनं राहू द्या, आणि पहिल्या पुरात सलंगावर (तलावाच्या सांडव्यावर) नि येणाऱ्या नाल्यात जाळं लावू नका, अंडीवाला मासा तिथूनच चढतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे लिहून घ्या, नाहीतर तुमच्याकडंही एखादा दादा निघेल.

आता हे पण सांगतो, कटला-रोहू टाकूच नका असं नाही, हातात पैसा त्यातूनच लवकर येतो. फक्त मरळ असलेल्या तलावात जिरे, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, टाकू नका, मरळ खाऊन टाकते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, टाका. गवत पार दाट झालं तर मात्र थोडं काढावंच लागतं, उन्हाळ्यात पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासा मरतो. आणि तुमचं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं असेल तर यातलं बरंचसं लागू नाही.