कामगारांचे प्रश्न: बारा तासांची पाळी, टाकीतला वायू आणि कोऱ्या कागदावरची सही

या वेळी सोलापूर भागातून आलेल्या पत्रांत टॉवेल कारखाने, सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ लावणारे कारखाने), साखर कारखाने आणि त्यांच्या डिस्टिलरीतल्या कामगारांचे प्रश्न जास्त आहेत. प्रत्येकाने एकच तक्रार लिहिली आहे: कुणी पगाराची, कुणी जागरणाची, कुणी धोक्याची. पण पत्र नीट वाचलं की तिन्ही एकत्रच सापडतात. म्हणून अर्ज करतानाही ती वेगळी करू नका, एकाच अर्जात लिहा.

प्रश्न: डाईंगमध्ये सकाळी आठ ते रात्री आठ काम, आठवड्याला एक सुट्टी. ठोक पगार १८,००० रुपये. ओव्हरटाइम मागितला तर मालक म्हणतात, "ठोक ठरलंय, त्यात सगळं आलं." खरं आहे का?
(अक्कलकोट रोड एमआयडीसी)

उत्तर: नाही. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे आणि ठरलेल्या वेळेच्या वरच्या तासांना दुप्पट दर द्यावा लागतो. जुन्या कारखाने कायद्यात हे होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही आहे. जेवणाचा अर्धा-एक तास खरोखर मोकळा मिळत असेल, तर तो यातून वजा करा. मशीन चालू ठेवून डबा खात असाल, तर तो कामाचाच वेळ.

हिशोब असा. १८,००० भागिले २६ (महिन्याचे कामाचे दिवस) म्हणजे रोज ६९२ रुपये, तासाला साडेशहाऐंशी, दुप्पट दराने १७३. जादा चार तासांचे ६९२. म्हणजे पूर्ण बारा तास काम झालं, तर त्या दिवसाचे पैसे दोन दिवसांच्या पगाराइतके होतात. आता मालकांचा "त्यात सगळं आलं" हा दावा मान्य करून उलटा हिशोब मांडा. बारा तास म्हणजे दराने सोळा तास धरायचे: साधे आठ, आणि जादा चारांचे दुपटीने आठ. १८,००० भागिले २६, भागिले १६ केलं की तासाला ४३ रुपये, आठ तासांचा रोज ३४६. हा आकडा तुमच्या धंद्याच्या आणि तुमच्या वर्गवारीच्या चालू किमान वेतनाशी ताडून पाहा. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तेव्हा पत्रक ताजंच घ्या. ३४६ त्याच्या खाली आला, तर किमान वेतन बुडवल्याची दुसरी तक्रारही उभी राहते.

नगावर किंवा मीटरवर काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. मागच्या महिन्यात पूर्ण भरलेल्या दिवसांच्या कमाईची सरासरी काढायची आणि ती रोजचा दर धरायची. कारखाना लहान आहे, एकाच शेडवर तीन नावांच्या पाट्या आहेत, म्हणून आम्हाला कायदा नाही, असंही सांगितलं जातं. कामगारसंख्येवर कारखान्याची नोंदणी ठरते. वर सांगितलेल्या संहितांपैकी वेतन संहिता मात्र सगळ्या आस्थापनांना लागू आहे.

पुरावा आजपासून जमवा. साध्या वहीत तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, मशीन क्रमांक आणि पाळी कुणी लावली ते रोजच्या रोज लिहा. महिनाअखेरी एका बैठकीत भरलेली वही समोरचा वकील पहिल्याच तारखेला खोडून काढतो. "आज थांब" असा व्हॉट्सअॅप निरोप आला तर पुसू नका. पगार बँकेत येत असेल तर उतारा काढा. दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. अर्ज सहायक कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बारा तास रोज म्हणजे आठवड्याला २४ जादा तास आणि तीन महिन्यांत ३०० च्या वर. कायद्याने तिमाहीला जेवढा ओव्हरटाइम चालवून घेतला, तो कधी याच्या निम्म्याइतकाही नव्हता. म्हणून अर्जात दोन मागण्या हव्यात: मागचे पैसे द्या, आणि पुढे तीन पाळ्या लावा. नुसते पैसे मागाल तर चार महिने दुप्पट दर मिळेल, पण शरीर बारा तासांतच झिजत राहील.

प्रश्न: साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ठेकेदारामार्फत आहोत. हंगामाआधी सांडपाण्याची टाकी आतून साफ करायची आहे. माणशी ५०० रुपये जादा आणि अर्धा दिवस सुट्टी कबूल केली आहे. नाही म्हटलं तर गेटबंद करतील का?
(मोहोळ तालुका)

उत्तर: ५०० रुपये राहू द्या. आधी चार वस्तू मागा: चार वायू दाखवणारा मीटर, हवा आत ढकलणारा ब्लोअर, तिकाटण्यासह (झाकणावर उभी करायची तीन पायांची घोडी) कंबरपट्टा व दोर, आणि सक्षम माणसाच्या सहीचा लेखी परवाना. यातली एक जरी नसली तरी उतरू नका. धोका भत्ता हा धोका कमी करण्याचा उपाय नाही, आणि त्यावर तडजोड करणाऱ्या पुढाऱ्याशी आमचा स्पष्ट मतभेद आहे.

साचलेला गाळ, मळी, स्पेंटवॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) कुजतो तेव्हा हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. पहिला हवेपेक्षा जड असतो, तळाशी बसतो. आठ तासांच्या कामाला त्याची मर्यादा १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग) आहे, थोड्या वेळासाठी १५. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर माणूस सावध असतो. पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास थांबतो, आणि "वायू गेला" असं वाटून माणूस आणखी आत जातो. ५०० च्या वर काही मिनिटांत शुद्ध हरपते. १,००० ला एक-दोन श्वास पुरतात.

दिवा सोडून पाहायची जुनी रीत बंद करा. मिथेन असेल तर दिव्यानेच भडका उडेल, आणि जीव घेण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असला तरी दिवा विझत नाही. तोंडाला ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क लावून वायू अडत नाही. ऑक्सिजनचं सिलिंडर टाकीत सोडणं तर ठिणगीला आमंत्रण आहे.

टाकीत येणारे पाइप नुसते व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, ब्लँक प्लेट (सांध्यात बसवायची बंद चकती) टाकून तोडायचे. अॅजिटेटरच्या (टाकी ढवळणाऱ्या पंख्याच्या) मोटरचा फ्यूज काढून स्विचला कुलूप लावायचं आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात ठेवायची. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडायचा, झाकणाशी वारा घालून तळचा वायू हलत नाही. मग मीटर दोरीने वर, मध्ये आणि तळाशी असा तीन ठिकाणी धरायचा. आधी ऑक्सिजन: १९.५ टक्क्यांच्या खाली नको, २३.५ च्या वर नको. मग ज्वालाग्राही वायू: पेट घेण्याच्या किमान मर्यादेच्या १० टक्क्यांखाली. शेवटी विषारी वायू. आकडे परवान्यावर वेळेसह लिहून तो झाकणाजवळ टांगायचा. आतला दिवा २४ व्होल्टचाच हवा.

इथेच पुष्कळ ठिकाणी चूक होते. सकाळी मोजलं, ठीक आलं, म्हणून मीटर ऑफिसात परत जातो. पण फावडं लागलं की गाळात कोंडलेला वायू सुटतो आणि आकडा काही क्षणांत चढतो. म्हणून मीटर आतल्या माणसाच्या छातीला लावलेला, चालू स्थितीत हवा. वर एक माणूस फक्त दोराशी. त्याला चहा आणायला पाठवायचं नाही. आतला कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही, तिकाटण्याने ओढायचं. अशा अपघातांत दुसरा आणि तिसरा बळी पुष्कळदा वाचवायला गेलेल्याचाच असतो.

नकाराची भाषाही महत्त्वाची. "काम करणार नाही" असं न लिहिता असं लिहा: "टाकीतील वायूची तपासणी, परवाना व सुरक्षा साधने उपलब्ध नसल्याने जीविताला तातडीचा धोका आहे. साधने मिळताच काम करू. तोपर्यंत दुसरे कोणतेही काम करण्यास तयार आहोत." सगळ्यांच्या सह्या घ्या, फोटो काढा, सुपरवायझरला पाठवा, आणि त्याच वेळी एक प्रत औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. तातडीचा धोका मालक व निरीक्षक दोघांना कळवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. तुम्ही कामाला हजर होता आणि दुसरं काम मागत होता, हे कागदावर असलं की गेटबंदविरुद्ध तुमची बाजू भक्कम होते. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कारखान्यावर येते, आणि आवारातल्या सुरक्षेतूनही कारखान्याला अंग काढता येत नाही.

प्रश्न: सायझिंगच्या बॉयलरवर रात्रपाळी करतो. बदली माणूस आला नाही की सलग दुसरी पाळी. पहाटे डोळा लागतो. फायरमनवर सोपवून तासभर पडलं तर चालेल?
(जुनी पेठ भाग)

उत्तर: प्रमाणपत्र नसलेल्याच्या हाती चालू बॉयलर देऊ नका. काही झालं तर नाव तुमचंच येईल. पहाटे तीन ते पाच शरीर झोपेकडेच ओढतं, चहाने ते थोडं पुढे ढकललं जातं, एवढंच.

पाळी घेताना पाण्याची काच (बॉयलरमधली पातळी दाखवणारी नळी) स्वतः फुंकून, म्हणजे तिच्यातून वाफ-पाणी सोडून, पाहा. पाण्याचा कॉक बंद, ड्रेन उघडा: वाफ जोरात यायला हवी. मग वाफेचा बंद, पाण्याचा उघडा: पाणी यायला हवं. ड्रेन बंद करून दोन्ही उघडल्यावर पातळी झटकन परत यायला हवी. हळू आली तर वाट तुंबली आहे आणि काच खोटी पातळी दाखवते आहे. दोन्ही काचा ताडून पाहा. काचेत पाणीच दिसेना, तर पंप चालू करू नका. तापलेल्या नळ्यांवर थंड पाणी पडलं की बॉयलर फुटू शकतो. इंधन बंद, पंखे बंद, आगीवर पाणी टाकायचं नाही, लोकांना लांब करा आणि बॉयलर आपोआप निवू द्या.

दुसऱ्या पाळीची वेळ लॉगबुकात खरी लिहा: "बदली न आल्याने सलग सोळावा तास." चार वेळा असं लिहिलेलं पान कोणत्याही तोंडी तक्रारीपेक्षा जड असतं. मालकाकडे राखीव अटेंडंटची (प्रमाणपत्र असलेल्या बॉयलर चालकांची) यादी मागा. माणूस नसेल तर पाळीअखेर बॉयलर बंद करायचा, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. उन्हाळ्यात सोलापूर ४२ अंशांवर जातं तेव्हा दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी भट्टीसमोर पूर्ण पाळी लावू नये.

प्रश्न: संप नको म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी रजा टाकली तर?

उत्तर: निम्मे किंवा जास्त कामगार ठरवून एकत्र रजेवर गेले तर तो संपच धरला जातो. संपाला १४ दिवस आधी नोटीस लागते. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. बेकायदा ठरला तर कामगारालाही १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. त्याआधी मागणीपत्र द्या. समेट सुरू झाला की वादातल्या सेवाशर्ती मालकाला परस्पर बदलता येत नाहीत. ही ढाल फार कमी जण वापरतात.

प्रश्न: हायड्रोत (ओलं कापड फिरवून पाणी काढणारं मशीन) दोन बोटं गेली. मालकांनी खासगी दवाखान्याचं बिल भरलं, आता कोऱ्या कागदावर सही मागतात.

उत्तर: सही करू नका. हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही, पण त्यावर वर्षभर भांडावं लागतं.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) पाहा. पगारातून ०.७५ टक्का कापला जात असला पाहिजे. कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. बरे होईपर्यंत रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात, आणि कायम अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवतं. तुमचं नावच नोंदवलं नसेल तर दोष मालकाचा. तुमचा हक्क जात नाही. अपघाताचा अहवाल गेला का, ते विचारा. ईएसआय लागूच नसेल तर नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावा.

मशीनचा फोटो सोबत्याकडून लगेच काढून घ्या. हायड्रोचा ड्रम फिरत असताना झाकण उघडता कामा नये, ही त्याची मूळ रचना. पुष्कळ ठिकाणी तो इंटरलॉक (झाकण उघडू न देणारी खीळ) वायरच्या तुकड्याने बांधून निकामी केलेला असतो, आणि अपघातानंतर पहिल्यांदा ती वायर गायब होते.

प्रश्न: आम्ही सहा जण कारखान्यातच झोपतो. रात्री बाहेरून शटरला कुलूप असतं.

उत्तर: आजच थांबवा. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. आत राहणारे मालकाचे कुटुंबीयही त्यात होते. सुती धागा आणि त्याचे उडणारे तंतू पेटले की धूर आधी गुदमरवतो, ज्वाळा नंतर येतात. आत माणूस असताना दाराला बाहेरून कुलूप लावणं बेकायदा आहे. चोरीची भीती असेल तर कडी आतून लावा. शटरच्या विरुद्ध बाजूला बाहेर उघडणारं दुसरं दार मागा, त्याच्यासमोर गाठी रचू देऊ नका, आणि मेन स्विच रात्री पाडूनच झोपा. मालक ऐकत नसतील तर शटरच्या कुलपाचा, वेळ दिसेल असा फोटो काढून सुरक्षा संचालनालय आणि अग्निशामक दल या दोन्हीकडे अर्ज द्या.