तुमचे प्रश्न : लग्नातला ड्रोन, गडावरचा ड्रोन

प्रश्न : माझा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी करतो. आता प्रत्येक पार्टी ड्रोन मागते. दुकानदार म्हणतो २४९ ग्रॅमचा घ्या, २५० च्या आत असला की कसलाच कागद लागत नाही. खरंय का हे? आणि लग्नात उडवताना काय बघायचं?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : दादा, दुकानदार अर्धंच खरं सांगतोय. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले त्यात २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्याच्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही, धंद्यासाठी उडवला तरी नाही. मायक्रो हौसेसाठी असेल तर नाही लागत पण त्याच मायक्रोवर लग्नाचे पैसे घेतले की लागतं, म्हणजे वय १८ पूर्ण, दहावी पास आणि डीजीसीएची (केंद्राचं नागरी विमान वाहतूक खातं) मान्यता असलेल्या संस्थेत ट्रेनिंग. पण सर्टिफिकेट नको म्हणजे नोंदणीही नको असं नाही, युनिक नंबर, म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, वेगळा घ्यावा लागतो आणि कुठे उडवायचं त्याचे नियम तर नॅनोलाही आहेतच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये ग्रीन झोनला, म्हणजे वेगळी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात, २०० फूटच वर जाता येतं, त्याच्या पलीकडे ४०० फूट. उडवायच्या आदल्या दिवशी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा बघायचाच. शहरातली ऑर्डर असेल तर पोलिसांचा बंदी आदेश चालू आहे का तेही विचारून घ्या, मुंबईत असे आदेश वरचेवर निघतात.

अजून एक, ते २४९ ग्रॅम म्हणजे कंपनीने दिलेली बॅटरी लावून. मोठी बॅटरी नाहीतर प्रॉपेलर गार्ड लावला की तोच ड्रोन २५० च्या वर जातो. सगळं लावून एकदा किचनच्या काट्यावर ठेवून बघा. आणि बिल मागा, पक्कं बिल. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं सोडून, त्यामुळे बिल नाही म्हणणाऱ्याकडचा माल कुठून आला हा प्रश्न उद्या तुमच्याच गळ्यात पडेल.

आता लग्नाचं. मी गेली काही वर्षं लग्नं शूट करतोय आणि माझा एक नियम आहे, मंगलाष्टकं चालू असताना ड्रोन मांडवावर नाही म्हणजे नाही. खाली चारपाचशे माणसं, त्यात म्हातारी माणसं, लहान पोरं, आणि एक प्रॉपेलर निसटला तर ते थेट कुणाच्या तरी डोक्यावर येणार. खाली आणला तर त्याच्या वाऱ्याने नवरीच्या मुंडावळ्या तोंडावर येतात, अक्षता उडतात, गुरुजींचा होम असेल तर राख सगळीकडे. वरातीत तर रॉकेट सुटत असतात, तिथे उडवणं म्हणजे निव्वळ जुगार. ड्रोनचा शॉट सकाळी घ्या, पाहुणे यायच्या आधी, मांडव, शेत, गावाचं देऊळ, किंवा नवरानवरीला मोकळ्या रानात नेऊन दहा मिनिटं. पार्टीला हेच फुटेज जास्त आवडतं, माझा अनुभव आहे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० वर ठेवा, उन्हात त्यासाठी एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवरची उजेड कमी करणारी काच, लागेल, नाहीतर व्हिडिओ झटके मारल्यासारखा दिसतो.

हाताने पकडायचा मोह टाळा. माझ्या असिस्टंटने एकदा पकडला, बोटाला तीन टाके पडले, चूक माझी होती कारण मीच सांगितलं होतं धर म्हणून. तेव्हापासून लँडिंग पॅड गाडीतच असतो.

प्रश्न : मी ट्रेकिंग करते, नवीन ड्रोन घेतलाय, गडांचे व्हिडिओ करायचेत. परवानगी लागते का? आणि वाऱ्याची खूप भीती वाटते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, भीती वाटते हे बरंच आहे. परवानगी लागते. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले त्या १२ किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, आणि साल्हेर, राजगड, प्रतापगड राज्याच्या संचालनालयाकडे, म्हणजे अर्ज कुठे करायचा ते आधी बघा. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे वनखातं. कड्याच्या कपारीत गिधाडांची घरटी असतात आणि आग्यामोहोळ तर सगळीकडेच, ड्रोन जवळ नेलात आणि माश्या उठल्या तर पळायला जागा नसते, तुम्हालाही आणि शेजारच्या ग्रुपलाही. मोहोळ दिसलं की ड्रोन बॅगेत, मग कितीही भारी फ्रेम असू दे.

वाऱ्याचं माझ्यावरच बेतलेलं सांगतो. आमच्या गावामागच्या पठारावर संध्याकाळी उडवला, वारा पाठीवर होता त्यामुळे ड्रोन सुसाट गेला, मी खूश, स्क्रीनवर बॅटरी ६० टक्के. वळवला आणि तो जागचा हलेना. तोंडावर वारा. ४०, ३०, २२... मोटर पूर्ण ताकदीने ओरडत होत्या आणि अंतराचा आकडा जेमतेम कमी होत होता. शेवटी एकदम खाली आणला, जमिनीलगत वारा कमी असतो म्हणून, आणि एका नाचणीच्या वावरात उतरवला ८ टक्क्यांवर. वावराच्या मालकाची माफी मागितली, त्यांनी उलट पाणी दिलं. तेव्हापासून जाताना नेहमी वाऱ्याच्या तोंडावर जातो, म्हणजे येताना वाराच आणून सोडतो, आणि निम्मी बॅटरी झाली की परत.

अॅपमधली उंची ही तुम्ही जिथून उडवलात तिथून मोजलेली असते हे डोक्यात पक्कं बसवा. पायथ्यावरून उडवून गडाकडे नेलात तर आकडा १०० मीटर दाखवेल आणि समोर १५० मीटरचा कडा उभा असेल. रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची आजूबाजूच्या झाडाटॉवरच्या वर लावल्याशिवाय उडवूच नका. पहाटे, वारा उठायच्या आधी, उडवा.

प्रश्न : मुलगा ड्रोनच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला ठेवतो, एक थोडी फुगलीये. चालेल का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : नाही चालणार ताई. फुगलेली आजच बाजूला काढा, परत चार्ज करायची नाही, टोचायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बाकीच्या आठवडाभर वापरणार नसाल तर साधारण निम्म्या चार्जवर, उन्हापासून लांब ठेवा. विमानाने जाणार असाल तर बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही. आणि चार्जिंग बिछान्यावर नको, फरशीवर, कुणीतरी जागं असताना.