प्युरिटनांना ‘कर्मठ’ म्हणावे का?

न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे आजच्या अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, सतराव्या शतकातल्या वसाहतींवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे: ‘प्युरिटनसाठी कर्मठ हा शब्द चालेल का? सोवळा जास्त चपखल बसेल का? आणि त्यांच्या प्रार्थनेच्या जागेला चर्च म्हटले तर बिघडेल का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते पक्के आहे. कर्मठ चालणार नाही. शब्द थोडा इकडेतिकडे झाला असता तर सोडून दिले असते, पण इथे अर्थच उलटा होतो.

मराठीत कर्मठ म्हणजे कर्मकांडाला चिकटून राहणारा. स्नानसंध्या, व्रतवैकल्ये, अमुक तिथीला अमुक विधी, आणि त्यात जराही चूक खपवून न घेणारा. (हिंदीत कर्मठ म्हणजे कष्टाळू. तिथे तो कौतुकाचा शब्द आहे, म्हणून हिंदीवरून अनुवाद करताना आणखी जपावे.) प्युरिटन म्हणजे इंग्लंडमधले कट्टर प्रोटेस्टंट ख्रिस्ती, आणि त्यांचे सगळे भांडण या कर्मकांडाशीच होते. इंग्लंडच्या राजमान्य चर्चमध्ये कॅथलिक वळणाचे विधी उरले आहेत आणि ते धुऊन काढले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर क्रूसाची खूण नको, लग्नात अंगठी नको, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेताना गुडघे टेकणे नको, पाळकाच्या, म्हणजे धर्मगुरूच्या, अंगावर पांढरा झगा नको. जे बायबलात सांगितलेले नाही ते उपासनेत नको. प्युरिटन हे नावही विरोधकांनी 1560च्या दशकात चिडवण्यासाठी ठेवलेले.

समुद्र ओलांडल्यावर हे सगळे त्यांच्या रोजच्या जगण्यात उतरले. प्लिमथला, म्हणजे 1620मध्ये ‘मेफ्लॉवर’मधून आलेल्यांच्या वसाहतीत, लग्न हा धर्मविधी नव्हताच. ते दिवाणी काम होते आणि दंडाधिकारी ते लावत असे. दफनाच्या वेळी प्रार्थना म्हणत नसत. नाताळ नव्हता, ईस्टर नव्हता. 1621च्या नाताळाची हकिगत गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवली आहे. त्याने नेहमीसारखे सगळ्यांना कामावर बोलावले. नुकतेच जहाजाने आलेले काही जण म्हणाले, आज काम करणे आमच्या सदसद्विवेकाला पटत नाही. ठीक आहे, तुम्हाला समज येईपर्यंत सूट, असे म्हणून तो बाकीच्यांना घेऊन गेला. दुपारी परतून पाहतो तर हे लोक रस्त्यात चेंडू खेळत होते, दांडा फेकण्याचा खेळ चालला होता. त्याने खेळाचे साहित्य काढून घेतले. तुम्ही खेळायचे आणि इतरांनी राबायचे हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही, भक्ती करायची असेल तर घरात बसून करा, असे त्याने सुनावले. पुढे 1659मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडाचा कायदाच केला आणि तो 1681पर्यंत टिकला. सण पाळला म्हणून दंड करणाऱ्याला आपण कर्मठ कसे म्हणणार?

‘सोवळा’ तर आणखी दूर. सोवळे ही स्पर्शाची कल्पना आहे. विटाळ, शिवाशिव, ताटावरचे नियम असे काहीच प्युरिटनांत नव्हते. लाक्षणिक अर्थाने, सुखाचे वावडे असलेला, असे म्हणायचे असेल तरी सतराव्या शतकातल्या माणसांना तो शब्द लावताना हात आखडता घ्यावा. बिअर त्यांच्या रोजच्या जेवणात असे. काळ्या कपड्यांतले, आंबट चेहऱ्याचे प्युरिटन हे चित्र नंतरचे. ब्रॅडफर्ड 1657मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेची यादी झाली, तिच्यात जांभळा अंगरखा आणि लाल बंडी आहे. कडकपणा होता आणि भरपूर होता. शनिवारच्या सूर्यास्तापासून शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, लागे, रविवारी सकाळी-दुपारी लांबलचक प्रवचने, थंडीत शेकोटीशिवाय. पण त्याला कडक, करडे, कट्टर म्हणावे. सोवळेपणा नाही.

कर्मठ नको म्हणण्याचे आणखी एक कारण आहे आणि मला ते सगळ्यांत मोलाचे वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनमध्ये 1636 ते 1638 या काळात जो वाद पेटला तो ‘कर्म’ या मुद्द्यावरच. अ‍ॅन हचिन्सन ही सुईणपण करणारी बाई. ती आपल्या घरी बायकांना जमवून रविवारच्या प्रवचनावर चर्चा करी. हळूहळू पुरुषही येऊ लागले. तिचे म्हणणे असे की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते ते निव्वळ देवाच्या कृपेने, पण इथले बहुतेक पाळक माणसाच्या सदाचरणालाच तारणाचा पुरावा मानतात. म्हणजे ते कृपेचा करार सोडून कर्माचा करार शिकवतात. प्युरिटन पाळकाला यापेक्षा मोठी शिवी नव्हती. त्याच्या मते रोमच्या कॅथलिक चर्चने केलेली चूक नेमकी हीच. तुमच्या अनुवादात सुरुवातीलाच सगळ्यांना कर्मठ म्हणून टाकले, तर हचिन्सनबाईचा आरोप लेखकाचे मत होऊन बसेल आणि वाचकाला भांडण कशावरून झाले तेच कळणार नाही.

मग काय म्हणावे? प्युरिटन हे पंथाचे नाव म्हणून तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘चर्चमधले उरलेसुरले कॅथलिक विधी काढून टाकू पाहणारे’ असे एका ओळीत सांगा. ‘शुद्धिवादी’ शब्दाने अर्थ बराचसा येतो, पण शुद्धी म्हटले की मराठी वाचकाला धर्मांतरितांना परत घेण्याची चळवळ आठवते, म्हणून मी तो टाळेन.

चर्चचे उत्तर मराठीत तयार आहे. आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजात ‘मंडळी’ हा शब्द मुरलेला आहे: जमलेले श्रद्धावंत ती मंडळी. प्युरिटनांचा अर्थ हाच. त्यांच्या लेखी इमारत ही चर्च नव्हेच. ते तिला जमण्याचे घर म्हणत. त्यात क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत, आणि गावसभाही तिथेच भरे. तिला ‘सभाघर’ म्हणा, मंदिर मुळीच नको. मुंबईत 1813मध्ये उतरलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या याच परंपरेतल्या मंडळ्यांनी पाठवलेले होते आणि अमेरिकन मराठी मिशन त्यांचेच. म्हणून मंडळी, पाळक, करार हे शब्द इथे परके वाटत नाहीत. मंडळीच्या सभासदांना ते सेंट म्हणत. तिथेही ‘संत’ लिहू नका, आपल्या मनात लगेच ज्ञानोबा-तुकोबा उभे राहतात. मराठी बायबलातला ‘पवित्र जन’ घ्या. मॅसॅच्युसेट्समध्ये 1631पासून मताचा हक्क फक्त या पवित्र जनांतल्या पुरुषांना होता, म्हणून शब्द नेमका हवा.

न विचारलेले एक सांगतो, कारण पुढच्या प्रकरणात ते लागेल. ‘हद्दपार’ आणि ‘बहिष्कृत’ यांची सरमिसळ करू नका आणि ‘वाळीत टाकले’ हे तर लिहूच नका, त्याला जातपंचायतीचा वास आहे. हचिन्सनबाईला नोव्हेंबर 1637मध्ये न्यायसभेने, म्हणजे वसाहतीच्या सरकारने, हद्दपार केले. मार्च 1638मध्ये बॉस्टनच्या मंडळीने तिला बहिष्कृत केले. सत्ता दोन, शिक्षा दोन. पाळकाला सरकारी पद घेता येत नसे आणि मंडळीला कोणाला फटके किंवा तुरुंग देता येत नसे. मंडळीतून काढले की प्रभुभोजन बंद, गाव सोडावे लागते ते न्यायसभेच्या हुकमाने. रॉजर विल्यम्स या पाळकालाही 1635मध्ये हद्दपार केले ते न्यायसभेनेच. त्याने 1636मध्ये प्रॉव्हिडन्स वसवले. बहिष्काराच्या दिवशी हचिन्सनबाईबरोबर उठून सभाघराबाहेर पडली ती मेरी डायर. ती पुढे क्वेकर या पाळक न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेली आणि 1 जून 1660 रोजी बॉस्टनमध्ये फाशी गेली. 1658च्या कायद्याने हद्दपार क्वेकर परतला तर मृत्युदंड ठरवला होता आणि ती परत आली होती. ‘क्वेकर असल्याबद्दल फाशी’ असे सरळ लिहिले तर कायद्यातली ही मधली पायरी गळते.