प्रोपेनची टाकी 'एक्सपायर' झाली म्हणून भरून देत नाहीत, रिसर्टिफाय करू की नवीनच घेऊ?

मी असतो तर सरळ एक्सचेंज करून, म्हणजे जुनी टाकी देऊन भरलेली दुसरी घेऊन, मोकळा झालो असतो. पण त्याआधी टाकी परत एकदा नीट बघा, कारण तुम्ही एवढंच लिहिलंय की घराबरोबर आधीच्या मालकाचं ग्रिल आणि 20 पाउंडी टाकी आली, भरायला नेली तर काउंटरवरच्याने 05-11 वर बोट ठेवलं आणि परत पाठवलं. टाकीवर अजून कुठे काही ठोकलंय का ते तुम्ही बघितलेलं दिसत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

न्यू जर्सीत नवीन असताना माझीही अशीच वरात निघाली होती. आपल्या डोक्यात भारतातला सिलिंडर असतो ना, तिकडे आपण डिपॉझिट भरतो, सिलिंडर कंपनीचा, वरच्या पट्टीवर ए-27, बी-27 असं काहीतरी लिहिलेलं असतं (ए म्हणजे मार्चपर्यंत, बी म्हणजे जूनपर्यंत, असं), आणि टेस्टिंगचं कंपनी बघून घेते, आपण फार तर तारीख गेलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवायचा. इथे टाकी तुमच्या मालकीची, त्यामुळे तारखेची कटकटही तुमचीच. 

तर 05-11 ही एक्सपायरी नाहीये, ती टाकी बनल्याची तारीख आहे, मे 2011. नवीन टाकी बनल्यापासून 12 वर्षं भरता येते (मध्ये काही काळ 10 केली होती, मग परत 12 झाली), म्हणजे तुमची मे 2023 ला संपली. त्यानंतर रिक्वालिफाय, म्हणजेच रिसर्टिफाय (परत तपासून पास) केल्याशिवाय कोणी भरायची नाही असा फेडरल नियम आहे, काउंटरवरच्या माणसावर चिडून उपयोग नाही. भरताना तारीख चालू असेल तर आत उरलेला गॅस मात्र संपेपर्यंत बिनधास्त वापरता येतो, बंदी भरण्यावर आहे.

आता कॉलर, म्हणजे व्हॉल्व्हभोवतीचं ते हँडलसारखं पत्र्याचं कडं, आतून बाहेरून बघा. कधीकधी दुसरी तारीख सापडते आणि तिच्यामागे ई असतं, किंवा स्टिकर असतो. ई म्हणजे नुसती बाहेरून बघून तपासणी झालीय, ती 5 वर्षं चालते. तारखेबरोबर जो छोटा कोड असतो तो तपासणाऱ्याचा नंबर, आरआयएन म्हणतात, सरकारकडून मिळालेला असतो, म्हणजे कोणीही उठून ठोकायचा नाही. असा स्टँप 5 वर्षांच्या आतला निघाला तर तुमची टाकी चालू आहे, काउंटरवर दाखवा.

नसेल तर मोठ्या प्रोपेन डीलरकडे फोन करून विचारा "रिसर्टिफाय करता का", सगळे करत नाहीत. ते बघतात काय, तर गंज खाऊन खड्डे पडलेत का, पोचे आहेत का, बुडाचं कडं धड आहे का, आगीत सापडल्याच्या खुणा आहेत का, व्हॉल्व्ह कसा आहे. न्यायच्या आधी हौसेने रंग मारू नका, गंज झाकला की त्यांना संशय येतो आणि बरोबरच आहे. माझ्याकडून 15 डॉलर घेतले होते, पण चाळीस मिनिटं गाडी चालवत जाऊन, तेही फक्त वीकडेला. नवी रिकामी टाकी साधारण 40 ते 60 डॉलरला पडते. नवी घेतलीत तर भरणाऱ्याला ती पहिल्यांदाच भरतोय हे सांगा, आतली हवा आधी काढावी लागते.

म्हणून म्हणतो एक्सचेंज. होम डेपो, वॉलमार्टच्या बाहेर ते पिंजरे असतात ना, तिथे तारीख गेलेली टाकी बहुतेक ठिकाणी घेतात, तपासून पुढे वापरायचं किंवा मोडीत काढायचं ते त्यांचं ते बघतात. पैसे जास्त वाटतात, कारण 20 पाउंडची टाकी असूनही बहुतेक एक्सचेंजवाले 15 पाउंडच भरतात. पण हे एकदाच करायचं, चालू तारखेची टाकी हातात आली की पुढे रिफिलच करत राहायचं. घेताना मात्र तारीख वाचून घ्या, मी घाईघाईत चकचकीत बघून उचलली आणि घरी आल्यावर बघतो तर ई वाल्या तारखेला चार महिनेच राहिलेले, म्हणजे परत येरे माझ्या मागल्या.

हे सगळं व्हॉल्व्हला तिकोनी मूठ असेल तरच. त्या मुठीवर ओपीडी लिहिलेलं असतं, टाकी 80 टक्क्यांच्या वर भरू नये म्हणून आत तरंगता फ्लोट असतो त्याचा व्हॉल्व्ह. बार्बेक्यूच्या आकाराच्या टाकीला तो नसेल तर 1 एप्रिल 2002 पासून ती भरायलाच बंदी आहे. तुमची 2011 ची आहे, असणारच. व्हॉल्व्हच्या पितळेवर निळसर हिरवा रंग दिसला तर मात्र हात लावू नका, कोणीतरी त्यात अमोनिया भरला असेल तर पितळ तसं होतं आणि आतून खाऊन जातं, उघडायला गेलं की व्हॉल्व्ह उडू शकतो. फायर डिपार्टमेंटला फोन करा. आणि कुठलीच टाकी, रिकामी वाटली तरी, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, गराजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये पण ठेवू नका, प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचून बसतो.

आत किती गॅस आहे हा तुमचा दुसरा प्रश्न. भारतात जाताना बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा असेलच घरात, त्याला टाकी लटकवा. कॉलरवर टीडब्ल्यू 17 किंवा 18 असं असेल, ते रिकाम्या टाकीचं वजन पाउंडात. माझी आत्ता साडेचोवीस पाउंड भरली, 17 वजा केले, साडेसात पाउंड गॅस, म्हणजे ताशी 30 हजार बीटीयूचं (बीटीयू हे उष्णतेचं माप) ग्रिल फुल ठेवलं तरी पाच तास निघतात. तुमच्यातही एवढा निघाला तर जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना बघा, आणि एक्सचेंजला न्यायच्या आधी दोन-तीन वीकेंड वांगी भाजून घ्या, पिंजऱ्यावर उरलेल्या गॅसचे पैसे कोणी देत नाही.