डेकच्या खालची मोकळी जागा झाकायला जाफरी सोडून चांगलं दिसणारं काय आहे?

बेळगावजवळ जांबोटी रोडला उतारावर फार्महाऊस बांधताय, पुढचा लाकडी डेक उताराच्या बाजूला तीनेक फूट वर येतोय आणि फॅब्रिकेटर खाली तिरक्या पट्ट्यांची जाफरी मारूया म्हणतोय, ती तुम्हाला आवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. नकाच मारू. आपल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या पावसात जाफरीचं काय होतंय ते मी बऱ्याच घरांना बघितलंय. पट्ट्या पातळ असतात, एकीवर एक ठेवून पिना मारलेल्या असतात आणि जिथं दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात नेमकं तिथंच पाणी धरतंय. आधी पिनेभोवती काळा डाग दिसतो, मग तेवढीच जागा मऊ पडते, मग कोपरा सुटून लोंबायला लागतो. रंग मारायचा म्हटलं तरी त्या बारक्या बारक्या खणांत ब्रश घालत बसायचं.

फक्त एक लक्षात ठेवा, काहीही लावलं तरी खालची हवा कोंडता कामा नये. कुणीतरी तुम्हाला सांगणार की सरळ वीट बांधून प्लास्टर करून टाका, स्वच्छ दिसतंय. पण मग ओल आतच राहते, डेकच्या खालच्या तुळया कुजतात आणि वाळवीला आयतं घर मिळतंय.

माझी पहिली पसंती आडव्या रिपांना. डेकच्या फळ्या आडव्या जातात, खालच्या रिपा पण त्याच लाईनीत गेल्या की सगळं एकच काम वाटतंय आणि डेक लांब दिसतो. जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाच्या) स्क्वेअर पाईपची फ्रेम करून घ्या, दोन-दोन फुटांवर उभा सपोर्ट द्या आणि दोन रिपांच्या मध्ये अर्धा इंच फट सोडा. खिळे नकोत, स्टेनलेसचे स्क्रू वापरा, नाहीतर पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ उतरतात. खालची रीप मातीपासून निदान दोन इंच वर राहू दे. आणि आतली फ्रेम, खांब वगैरे जे फटीतून दिसणार ते सगळं मॅट काळ्या रंगानं रंगवा, मग नजर रिपांवरच थांबते, आतला पसारा कळतच नाही. एवढ्याशा रंगानं काय फरक पडतोय ते करून बघाच. लाकूड म्हणाल तर बेळगावात जुनी घरं पाडताना उतरवलेलं सागवान वखारीत बघा, मुरलेलं असतंय. बजेट नसेल तर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) पट्ट्या चालतात, वाळवीचं टेन्शन नाही, पण उन्हात त्या वाढतात म्हणून जोडाच्या ठिकाणी थोडी जागा सोडायला लावा.

पश्चिमेकडची बाजू, जिथं पावसाची झड थेट बसते, तिथं मात्र मी लाकूड लावणार नाही. तिथं खाली जांभ्या चिऱ्याचे एक-दोन थर आणि वर मातीची भाजलेली जाळी. खानापूरची माती कौलांसाठी आधीपासून नावाजलेली, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्था पण खानापुरातच आहे, त्यामुळं आपल्या भागात हे काम उपरं वाटत नाही. लाल चिरा, लाल जाळी, वर लाकूड, पावसात भिजल्यावर तर रंग अजून गडद होतो, फार देखणं दिसतंय. चिऱ्याला प्लास्टर करू नका. जाळी ठिसूळ असते म्हणून पाया नीट घाला आणि जाळीचा वरचा थर डेकला टेकवू नका, इंचभर मोकळं ठेवा, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतंय आणि डेकवर माणसं चालली की थोडं खाली दबतंय, तो भार जाळीवर आला तर तडा ठरलेला.

लोखंड आवडत असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग करून देणारे आहेत, पत्र्यात पाहिजे ते डिझाईन कापून मिळतंय. कापून झाल्यावर गॅल्व्हनाईज करा, म्हणजे जस्ताचा थर द्या, मग रंग, उलटं नको. आणि फुलं-मोर असलं काही न घेता साध्या उभ्या फटी ठेवा, दहा वर्षांनी पण बघवतंय.

बुरूडांकडनं बांबूच्या तट्ट्या विणून घ्यायची कल्पना मला मनापासून आवडते, पण ती फक्त वरून पागोळी न पडणाऱ्या जागेला. बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात भिजवलेला बांबू किडत नाही हे खरं, पण ते औषध पावसानं धुऊन जातंय. दर दोन-तीन वर्षांनी तट्टी बदलायची तयारी असेल तर जरूर करा, त्या लोकांना काम पण मिळतंय.

झाडं लावणार असाल तर दोन फूट लांब लावा. वेल डेकवर चढवू नका.

आता मेन गोष्ट. तुमच्याकडं रान जवळ, उंदीर-बेडूक आत गेले की त्यांच्या मागनं साप येणारच. म्हणून वरून काहीही लावा, आतल्या बाजूनं पाव इंची भोकाची जीआय जाळी हवीच, अर्धा इंची घेऊ नका, बारकी पिल्लं आत जातात. ती जाळी खाली जमिनीत वीतभर पुरा आणि टोक बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवा, म्हणजे उकरणारं जनावर थेट जाळीवरच अडतंय. आत जमिनीला बाहेरच्या दिशेनं उतार काढा, वर खडी पसरा, आणि तिथं सरपण, उरलेली कौलं असलं काही साठवू नका. एक फ्रेम बिजागरीवर उघडणारी ठेवा, माणूस वाकून आत जाईल एवढी, पाईप नाहीतर वायरिंग बघायची वेळ येतेच.

चिऱ्याचं आणि मातीच्या जाळीचं काम मिरगाच्या आधी उरका. रिपा तोवर झाल्या नाहीत तर घाई करून ओल्या लाकडाला पॉलिश मारू नका, यंदाचा पाऊस नुसत्या जीआय जाळीवर काढा आणि दसरा झाल्यावर रिपा बसवा.